गाडी कुठे, दार कुठे

मृणालिनी परबचा आवाज घोडपदेवच्या तिच्या चाळीत पहिल्या मजल्यावरून तळातल्या वाण्याच्या दुकानापर्यंत पोचायचा. कुणी जिन्यात सायकल आडवी लावली, सार्वजनिक नळाला स्वतःचा पाइप जोडून ठेवला, की तो आवाज यायचा आणि काम व्हायचं. वडील गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. त्यांनी मुलीचं नाव हौसेने मृणालिनी ठेवलं आणि चाळीने दोन दिवसांत त्याचं मिनू करून टाकलं. आता ती एक्कावन्न वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, आणि चाळीतली माणसं तिला मानत होती तितकीच टरकूनही होती.

पण ही गोष्ट ज्या रागाची आहे तो ओरडून संपणारा नव्हता. त्यातला अर्धा तिचा तिच्यावरच होता.

बावीस वर्षं तिने परळच्या एका शाळा-बसवाल्या कंत्राटदाराकडे काम केलं. भिंतीवर शहराचा नकाशा, नकाशावर रंगीत टाचण्या, आणि कुठलं पोर कुठल्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहणार ते सगळं मिनूच्या डोक्यात. कंत्राटदाराने धंदा गुंडाळला तेव्हा तिला लोअर परळच्या एका धर्मादाय ट्रस्टमध्ये नोकरी मिळाली. जुन्या गिरणीच्या गाळ्याला काचा लावून केलेलं ऑफिस. ट्रस्टच्या चौदा व्हॅन होत्या. गिरगावपासून दादरपर्यंतच्या डायलिसिसवर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरून उचलायचं, केंद्रावर सोडायचं, चार तासांनी परत घरी आणायचं. प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा. गाड्यांचे मार्ग आखणं हे मिनूचं काम.

दोन वर्षांपूर्वी ट्रस्टने मार्ग आखणारं सॉफ्टवेअर घेतलं. पत्ते भरले की ते नकाशावर ठिपके मांडायचं, ठिपक्यांचा क्रम लावायचं आणि ड्रायव्हरच्या फोनवर रस्ता पाठवायचं. मिनूला ते आवडलं. खोटं कशाला सांगा, फार आवडलं. बावीस वर्षं टाचण्या टोचून जे जमलं नव्हतं ते चार सेकंदांत व्हायचं. ड्रायव्हरने रस्ता सोडला की पडद्यावर लाल रेघ यायची. त्या लाल रेघांचा तिने चांगलाच धाक बसवला होता.

सगळ्यात जास्त लाल रेघा जगनच्या असायच्या. जगन मच्छीमार नगरचा, पन्नाशीचा, ट्रस्टच्या सुरुवातीपासूनचा ड्रायव्हर. लालबागच्या मार्गावर एका पत्त्याशी तो दर खेपेला मशीनने सांगितलेल्या गल्लीत न जाता पुढच्या मोठ्या रस्त्याने जायचा.

"मॅडम, मशीन मला भिंतीसमोर उभं करतं," तो एकदा टेबलाशी येऊन म्हणाला होता. "भिंतीतून म्हातारी कशी येणार?"

"मग लेखी दे, जगन. तोंडी सांगून सिस्टममध्ये काही बदलत नाही."

"मी काय लिहिणार? तुम्ही या ना एकदा. डोळ्याने बघा."

मिनू गेली नाही. जुलै महिन्यात लाल रेघांची संख्या ठरल्यापेक्षा वर गेली, तेव्हा जगनला मेमो निघाला. खाली सही एम. परब. ऑगस्टमधल्या एका सोमवारपासून त्याला गिरगावचा मार्ग दिला आणि लालबागला मयूर नावाचा दुसरा ड्रायव्हर आला. मयूर शिस्तीचा माणूस. मशीन जिथे म्हणेल तिथे थांबायचा. लालबागची लाल रेघ नाहीशी झाली आणि मिनूला बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी साडेदहाला एक बाई ऑफिसात शिरली. चाळिशीच्या आतली, हातात हॉस्पिटलच्या कागदांची पिशवी, डोळे तारवटलेले. बसा म्हटलं तर बसली नाही.

"एम. परब कोण?"

"मी. काय काम होतं?"

बाईने स्वतःचा फोन मिनूच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर ट्रस्टचा संदेश होता. 'तीन वेळा गैरहजर राहिल्यामुळे आपलं नाव सेवेच्या यादीतून कमी करण्यात येत आहे. एम. परब, मार्ग नियोजन.'

"माझी आई गैरहजर होती? कमळाबाई सीताराम तावडे. एकाहत्तर वर्षांची. दोन्ही किडन्या गेल्यात. ती कुठे गेली होती, सांगा ना. सिनेमाला?"

"हे बघा, गाडी येऊन आठ मिनिटं थांबते. माणूस आलं नाही तर..."

"ती दारात उभी होती!" ती इतक्या जोरात बोलली की पलीकडच्या टेबलावरची माणसं उठून उभी राहिली. "तिन्ही दिवस! पिशवी घेऊन, चपला घालून, दारात! पहिल्या दिवशी शेजारणीने माझ्या कामावर फोन केला, मी धावत आले, टॅक्सीने नेलं, तर केंद्रावर म्हणाले वेळ गेली, दोनच तास मिळतील. मग पुढचे दोन दिवस काहीच नाही. माझा फोन कामावर जमा करावा लागतो. संध्याकाळी हातात आला की तुमचा मेसेज, गैरहजर. हेल्पलाइनला लावलं तर रेकॉर्ड वाजते, गाडी वेळेवर पोचली होती. शनिवारी रात्री तिच्या छातीत पाणी भरलं. आता आयसीयूत आहे. हे सांगायला आले. नाव परत घाला म्हणायला नाही आले."

ती वळली आणि निघून गेली. तिचं नाव रश्मी, हे मिनूला नंतर अर्जावरून कळलं.

मिनूने कमळाबाईंची पानं उघडली. तीन नोंदी, तिन्ही दिवशी गाडी ठिपक्यावर अगदी वेळेत. आठ मिनिटं थांबली, मयूरने 'गैरहजर' दाबलं, निघाली. तिसऱ्या नोंदीनंतर पडद्यावर पिवळी चौकट आली होती. नाव कमी करायचं का? आणि कुणीतरी 'हो' दाबलं होतं. शुक्रवारी, चार वाजून दहा मिनिटांनी. चार वाजता ऑफिसात चहा येतो. मिनूला तो कप आठवला, डाव्या हातातला. उजव्या हाताने तिने ती चौकट घालवली होती, माशी हाकलावी तशी.

ती उठली, पर्स घेतली आणि कुणाला न सांगता लालबागला गेली.

मशीनचा ठिपका तिने स्वतःच्या फोनवर घेतला होता. तो तिला एका अरुंद गल्लीत घेऊन गेला. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला पुरुषभर उंचीच्याही वर गेलेली सिमेंटची भिंत. भिंतीत एक लोखंडी फाटक होतं. कडीला साखळी, साखळीला कुलूप, कुलपावर गंज. भिंतीवरून पलीकडे एका इमारतीचे वरचे मजले दिसत होते. ती 'बी' विंग, कमळाबाईंचा पत्ता. गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभा राहिला तेव्हा जुन्या चाळकऱ्यांना त्याच आवारात, टॉवरच्या मागे, ही इमारत मिळाली होती. फोन म्हणत होता, आपण पोचलात.

भिंतीपलीकडून कुणीतरी भांडं घासत असल्याचा आवाज येत होता. इतकं जवळ.

मिनूने घड्याळ बघितलं आणि चालायला लागली. गल्लीतून बाहेर, मोठ्या रस्त्याने डावीकडे, टॉवरचं संगमरवरी फाटक. तिथे वॉचमनने अडवलं.

"कहाँ जाना है?"

"बी विंग."

"बी विंगवाल्यांना मागचं गेट आहे, मॅडम."

"मागच्या गेटला कुलूप आहे."

"हां, ते बंद असतं."

"मग माणसं जातात कुठून?"

"इथूनच," वॉचमन म्हणाला. यात काही विचित्र आहे असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "फक्त गाडी आत नाय सोडायची. ऑर्डर आहे. चावी कमिटीकडे."

तिथून गाड्यांच्या उतारावरून वर, टॉवरच्या बागेला वळसा, पुन्हा खाली पंधरा पायऱ्या, आणि मग बी विंगचं दार. मिनूला झपझप चालून नऊ मिनिटं लागली. कमळाबाई काठी घेऊन चालत. त्या दारात उभ्या राहायच्या तेव्हा गाडी त्यांच्यापासून पंचवीस पावलांवर यायची, भिंतीआड आठ मिनिटं उभी राहायची आणि निघून जायची. आवाजही ऐकू येत असेल. जगन मात्र पुढच्या फाटकाशी गाडी लावून आत चालत जायचा आणि त्यांना हाताला धरून घेऊन यायचा. त्या जादा वेळासाठी, त्या लाल रेघेसाठी, तिने त्याला मेमो दिला होता.

दारातल्या पायरीवर ती बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. ज्याने ठिपका ठेवला त्याचा, कुलूप लावणाऱ्यांचा, मयूरचा. आणि चहाच्या कपाचा.

तीन दिवसांनी कमळाबाईंना जनरल वॉर्डात हलवल्याचं कळलं, तेव्हा ती भेटायला गेली. रश्मी नव्हती. कमळाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, हातावर सुयांच्या जुन्या गाठी.

"तू कोण गो?"

मिनूने सांगितलं. सगळं सांगितलं, चौकट आणि 'हो' सुद्धा. मालवणीतच सांगितलं, घरी आईशी बोलायची तशी. ती भाषा तोंडात आली की आडपडदा ठेवता यायचा नाही.

कमळाबाईंनी चादर पोटापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "माका वाटला, मीच चुकलंय. वार चुकलंय की काय. तिसऱ्या दिवशी शेजारणीक इचारलंय, आज शुक्रवारच मां?"

मिनूने त्यांची घसरलेली उशी नीट केली.

"जगन बरो हा?" त्यांनी विचारलं.

"बरो हा."

"तेका सांग, म्हातारी अजून आसा."

दुसऱ्या दिवशी मिनू ऑफिसात सगळ्यांच्या आधी आली. कमळाबाईंचा ठिपका उघडला आणि त्याला हाताने सरकवायचा प्रयत्न केला. सरकेना. ठिपक्याखाली एक बारीक ओळ होती, दोन वर्षांत तिने कधी वाचली नव्हती. 'पार्किंग आणि प्रवेश पत्त्याप्रमाणेच.' शेजारच्या चौकटीत टिकमार्क. तो काढायला गेली तर सूचना आली, आपल्याला हा बदल करण्याचा अधिकार नाही.

तिने सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. नूपुर नावाची एक मुलगी बोलत होती.

"हो मॅडम, प्रत्येक पत्त्याला दोन थांबे देता येतात," नूपुर म्हणाली. "एक पार्किंग, म्हणजे गाडी जिथे उभी राहणार. दुसरा प्रवेश, म्हणजे माणूस ज्या दारातून येणार. दोन्हींमधलं चालायचं अंतर मिनिटांत टाकलं की थांबण्याची वेळ त्याप्रमाणे वाढते, ड्रायव्हरला दारापर्यंतची वाटही दिसते. नाही टाकलं तर सिस्टम इमारतीच्या मधोमध ठिपका धरते आणि सरळ रेषेत सगळ्यात जवळचा रस्ता निवडते."

"मध्ये भिंत असली तरी?"

"भिंत तिला दिसत नाही, मॅडम."

"हे कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. सेटअपच्या वेळी आम्ही तुमच्याकडे दोन्ही थांब्यांची यादी मागितली होती." की-बोर्डचा आवाज आला. "तुमच्या ऑफिसकडून मेल आहे. 'गरज नाही, सर्व पत्त्यांना डिफॉल्ट ठेवावे.' उन्मेष रेगे."

उन्मेष रेगे ट्रस्टचा व्यवस्थापक. दादरचा, पंचेचाळिशीचा, मृदू बोलणारा. वाढदिवस लक्षात ठेवणारा. मिनू त्याच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावलं नाही.

"सर, पार्किंग आणि प्रवेश वेगळे ठेवायला तुम्ही नको म्हणालात?"

"मॅडम, बसा ना. कधीची गोष्ट?"

"सेटअपची."

"अच्छा, ते. अहो, दोनशे चौदा पत्ते होते. प्रत्येक ठिकाणी जाऊन कोण बघणार होतं? लाँचची तारीख ठरलेली होती. आणि ड्रायव्हर असतातच की, ते थोडंफार सांभाळून घेतात."

"सांभाळून घेतलं की आपण त्यांना मेमो देतो."

"तो तुमच्या सहीने गेलाय, मॅडम," उन्मेष शांतपणे म्हणाला.

"माहितीय मला कुणाच्या सहीने गेलाय!" मिनूचा तळातल्या वाण्यापर्यंत पोचणारा आवाज त्या काचेच्या ऑफिसात पहिल्यांदा निघाला. "माझीच सही आहे. नावही मीच काढलं. एक बाई दारात उभी राहून, वार चुकला का म्हणून शेजारणीला विचारत होती, आणि आपण तिला गैरहजर लिहिलं. ती मेली असती तरी आपल्या कागदावर गैरहजरच राहिली असती. मला अधिकार हवाय. दोन्ही थांबे बदलायचा. आज."

"आवाज जरा..."

"आज, सर. विश्वस्तांची बैठक आहे ना पुढच्या आठवड्यात? तिथे मी माझं जे काय ते सांगणारच आहे. तुमचा मेल तुम्ही सांगायचा की मी, ते तुम्ही ठरवा."

उन्मेषने तासाभरात अधिकार दिला. दुपारी त्याने एक गोड पत्रही पाठवलं, आपला पुढाकार स्तुत्य आहे वगैरे. मिनूने ते वाचून पुसून टाकलं.

मग ती जगनकडे गेली. तो खाली गाडीला टेकून डबा खात होता.

"जगन, तो मेमो मी परत घेतलाय. माझी चूक होती."

जगनने पोळीचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिला. "मॅडम, मी बोललेलो," तो एवढंच म्हणाला. ते तिने ऐकून घेतलं, आणि तो पुढे काही बोलेल म्हणून उभी राहिली. त्याने डबा बंद केला. "आता काय करायचंय?"

"दोनशे चौदा दारं बघायचीयत."

"चला."

सप्टेंबरपासून दोघं रोज दुपारी, गाड्या केंद्रावर उभ्या असायच्या त्या वेळात, फिरायला लागले. दर पत्त्याशी मिनू तीन गोष्टी लिहायची. गाडी कुठे उभी राहते, दार कुठे, आणि मधलं अंतर आजारी माणसाच्या पायांनी किती मिनिटांचं. गिरगावात एका वाडीचा पत्ता एका रस्त्यावरचा होता आणि जिना भलत्याच रस्त्यावर, पिठाच्या गिरणीच्या बोळातून. परळच्या एका इमारतीत लिफ्ट होती, पण ती जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबायची, पुढे नऊ पायऱ्या. दादरला एक निवृत्त हेडमास्तर दीड वर्ष रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन गाडीत बसत होते, कारण ठिपका पलीकडच्या फुटपाथवर पडला होता. "मला वाटलं तसा नियमच आहे," ते म्हणाले. मिनू त्यांच्यावरही चिडली. "नियम कसला सर? विचारायचं नाही का?" मग तिला आठवलं की विचारलं असतं तर तिने काय उत्तर दिलं असतं. लेखी द्या.

प्रत्येक दारात तिला हेच ऐकू येत होतं. कुणाची तक्रार नव्हती. फुकट गाडी येते हेच मोठं, म्हणून माणसं धापा टाकत ठिपक्यापर्यंत चालत गेली होती. या समजूतदारपणाचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा आणि तो कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत उन्मेषने पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला आणि 'अंतिम टप्प्यातील सुधारणा' असं नाव देऊन मिनूचं काम सांगितलं. मेलचा उल्लेख नव्हता. तो बसल्यावर मिनू उभी राहिली आणि कमळाबाईंच्या तीन नोंदी तारीख-वेळेसकट वाचून दाखवल्या. 'हो' कुणी दाबलं ते सांगितलं. मग सेटअपच्या वेळचा मेल वाचला. एका म्हाताऱ्या विश्वस्तांनी चष्मा काढून पुसला. उन्मेषची नोकरी गेली नाही. तिचीही नाही. तीन गैरहजेऱ्यांवर आपोआप नाव कमी करायची पद्धत बंद झाली, एवढं झालं. आधी घरी माणूस पाठवायचं, असं ठरलं. त्या दिवसापासून उन्मेषला तिचा वाढदिवस आठवेनासा झाला.

राहिलं होतं लालबागचं फाटक. बी विंगमध्ये आणखी दोन रुग्ण होते, घरच्यांच्या आधाराने वळसा घालून गाडीपर्यंत जाणारे. मिनूने टॉवरच्या कमिटीला पत्र लिहिलं. मग दुसरं. मग जाऊन सेक्रेटरीला भेटली. पांढरा शर्ट, हळू आवाज.

"मॅडम, आमची सहानुभूती आहे," तो म्हणाला. "पण मागचं गेट उघडलं की सुरक्षेचा प्रश्न येतो. आणि पुढून पेशंटच्या गाड्या आत घेतल्या तर रहिवाशांना ते, काय म्हणतात, बघायला बरं वाटत नाही."

"मंजूर आराखड्यात मागचं गेट बी विंगचा रस्ता म्हणून दाखवलंय," मिनूने कागद पुढे केला. तो तिने वॉर्ड ऑफिसात चार खेपा घालून मिळवला होता.

"बघतो आम्ही. पुढच्या मीटिंगमध्ये."

"बघायला बरं वाटत नाही ना? ठीक आहे."

ऑफिसात येऊन तिने बी विंगच्या पत्त्याचा टिकमार्क काढला. प्रवेश थांबा टाकला बी विंगच्या दारात. पार्किंग थांबा ठेवला मोठ्या रस्त्यावर, टॉवरच्या फाटकाच्या बरोबर तोंडाशी. चालायची वेळ, काठी घेतलेल्या माणसाची, पंधरा मिनिटं. नियमाने ड्रायव्हरने दारापर्यंत जायचं आणि रुग्णाला घेऊन यायचं. म्हणजे जाऊन येऊन अर्धा तास.

मयूरला तिने समोर बसवून सांगितलं. "मशीन सांगेल तिथेच थांबायचं. एक फूट पुढे नाही, एक फूट मागे नाही. कुणी हॉर्न वाजवला तर?"

"रुग्ण येतोय, असं सांगायचं," मयूर म्हणाला. शिस्तीचा माणूस इथे कामाला आला.

सोमवारी सकाळी सव्वानऊला व्हॅन त्या फाटकाच्या तोंडाशी उभी राहिली. आतून निघालेल्या गाड्यांची रांग उतारावरून वरच्या बागेपर्यंत गेली. बुधवारी तेच. शुक्रवारी सेक्रेटरीने स्वतः फोन केला, आवाज आता हळू नव्हता. वाहतूक पोलिसाला बोलावतो म्हणाला. "बोलवा," मिनू म्हणाली. "आराखडा घेऊन मीही येते. त्यालाच विचारू रस्ता कुणाचा." पोलीस आला, त्याने कागद बघितला, कुलूप बघितलं, आणि सेक्रेटरीला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी मागच्या फाटकाची साखळी कापली. कुलूप इतकं गंजलं होतं की चावी असूनही फिरली नाही.

मिनूने दोन्ही थांबे सरकवले. पार्किंग गल्लीत, गॅरेजसमोर. प्रवेश बी विंगच्या दारात. चालायची वेळ दोन मिनिटं.

त्याच संध्याकाळी ती कमळाबाईंकडे गेली. खोलीला बाहेरून कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, हॉस्पिटलमधून सुटल्यावर रश्मी आईला स्वतःकडे विरारला घेऊन गेली. तिथल्याच केंद्रात नाव घातलंय. इथे आता कशाला येतील? मिनूने रश्मीला फोन लावला.

"नाव परत यादीत घातलंय," ती म्हणाली. "फाटकही उघडलं. त्यांना कधी यायचं झालं तर..."

"आईला गाडीची भीती बसलीय," रश्मी म्हणाली. "सकाळी चार वाजल्यापासून तयार होऊन बसते. गाडी येणार नाही म्हणते. मी शेजारीच झोपते तरी." मग तिने विचारलं, "तुम्ही त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये येऊन गेलात ना? तिने सांगितलं. पुन्हा नका येऊ." आणि फोन ठेवला.

मिनू त्या उघड्या फाटकातून बाहेर पडली. गॅरेजवाल्याने स्कूटर फाटकात आडवी लावली होती. तिने त्याला असं काही झापलं की आजूबाजूची माणसं बाहेर येऊन बघायला लागली, आणि तो हात जोडून स्कूटर हलवेपर्यंत ती तिथून हलली नाही.

दोनशे चौदापैकी दोनशे पत्ते डिसेंबरपर्यंत झाले. गैरहजेऱ्या महिन्याला एकोणीसवरून दोनवर आल्या. त्या दोन्ही वेळा मिनू स्वतः जाऊन आली. एक माणूस खरोखर गावी गेला होता. दुसरा वारला होता.

जानेवारीत सेवेची हद्द वाढवल्यावर मच्छीमार नगरचा एक नवा अर्ज आला. गुणवंती नावाची कोळीण, पासष्ट वर्षांची, नुकतंच डायलिसिस सुरू झालेलं. जगनच्याच वस्तीतली. मशीनने ठिपका थेट पाण्यात टाकला होता. मिनू आणि जगन दुपारी तिथे पोचले, तेव्हा रस्त्याच्या एका अंगाला बांबूंवर बोंबील वाळत होते आणि गुणवंती दारात पाय पसरून बसली होती.

"गाडी या कोपऱ्यावर लावली तर?" मिनूने विचारलं.

"तिथे कशाला? तिथे जाळी पसरतात. तुझा ड्रायव्हर जाळ्यावर चाक घालील, मग मी डायलिसिस करू की भांडण करू?" गुणवंतीने बसल्या जागेवरून हात लांब केला. "त्या खांबाशी लाव. दिवसभर मोकळा असतो."

जगन हसला. मिनूने खांबाशी पार्किंगचा थांबा टाकला. प्रवेशाचा थांबा दारात.

"इथून खांबापर्यंत यायला तुम्हाला किती मिनिटं लागतील?"

"घाई केली तर चार."

"आणि नाही केली तर?"

गुणवंतीने तिच्याकडे नीट बघितलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "मध्ये एकदा बसावं लागतं," ती म्हणाली. "दम लागतो. बसून, उठून, दहा."

मिनूने दहा भरले.